आवाजाचा तराजू

व्यापारी घरात तराजूला केवढा मान असतो, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. दसऱ्याला दुकानाच्या उंबरठ्याबरोबर तराजूलाही झेंडूची माळ पडते, आणि 'मापात पाप नको' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. धान्याचा काटा वेगळा, सोन्याचा काटा वेगळा. तांदळाची पोती तोलण्याच्या काट्यावर कोणी अंगठी ठेवीत नाही आणि सराफाच्या काट्यावर कोणी पोते चढवीत नाही. गेल्या दोन वर्षांत मला आणखी एका काट्याची ओळख झाली. तो आवाज तोलतो. बाजारात त्याला साउंड कार्ड म्हणतात. संगणकाबाहेर ठेवावयाची जी डबी असते, तिला ऑडिओ इंटरफेस असेही नाव आहे. मी ना संगीत शिकलो, ना इलेक्ट्रॉनिक्स. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी आणि बँकेतील छत्तीस वर्षांची नोकरी, एवढीच माझी शिदोरी. परंतु कोणत्या मालासाठी कोणता काटा घ्यावा, हा प्रश्न मुळात वाणिज्याचाच आहे. म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमचे मूळ घर शहापूर तालुक्यात, तानसा परिसरातील एका लहान गावी आहे. तानसा हे नाव मुंबईकरांना ठाऊक आहे ते १८९२ साली पूर्ण झालेल्या दगडी धरणामुळे. त्या तलावाचे पाणी सव्वाशेहून अधिक वर्षे मोठमोठ्या नळांतून मुंबईला जात आहे. पाण्यामागोमाग माणसेही गेली. आसनगाव, आटगाव, खर्डीहून सकाळची लोकल पकडणारी मुले पुढे तिकडचीच झाली. आमच्या घरात मागे राहिल्या त्या आत्याबाई. त्यांचे वय आज शहाऐंशी. हळदीची, मुहूर्तमेढीची, पाळण्याची, पाठवणीची अशी कितीतरी गाणी त्यांना मुखोद्गत आहेत. आमच्या पूर्वजांनी आणलेली बोली आणि इथल्या शेजारणींची मराठी यांची त्यांत अशी सरमिसळ झाली आहे की ती कुठल्याच छापील संग्रहात सापडणार नाहीत. शब्द एखाद्या वहीत उतरवता येतील, पण चाल वहीत कशी उतरणार? त्यातच दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंना दम्याचा त्रास वाढला. पूर्वी एका श्वासात म्हटली जाणारी ओळ दोन श्वासांत तुटू लागली. आमच्या घरापुढे प्रश्न उभा राहिला तो असा : ही गाणी राखून ठेवावयाची असतील, तर आता हाती किती दिवाळ्या आहेत?

नातीने प्रथम मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाहिले. मोबाइल हे बोलण्याचे यंत्र आहे. समोरच्याचे शब्द कळावेत म्हणून ते मागचे आवाज आपोआप दाबते आणि हळू आवाज आपोआप चढवते. संभाषणाला हे उपकारक ठरते, परंतु गाण्याला मारक. आत्याबाई स्वर लांबवून हळूहळू खाली आणीत, तेव्हा मोबाइल तो शेवटचा धागा गोंगाट समजून पुसून टाकी. नात म्हणाली, "आजोबा, नीट करायचे तर माइक हवा आणि साउंड कार्ड हवे." नातवाने लगेच आठ माइक जोडता येतील अशा एका भारी यंत्राचे चित्र माझ्यासमोर धरले. खर्चाच्या पाकिटाची दोरी माझ्याकडे असल्याने निर्णयही माझ्याकडे आला.

ध्वनिमुद्रणाचा आपल्याकडील इतिहास थोडा वाचला, तेव्हा एक गोष्ट मनात भरली. १९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले. त्या काळी माइक नव्हता. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. तोपर्यंत गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे, आणि एक तबकडी जेमतेम तीन मिनिटांची असे. गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीतून उच्चारीत, कारण तबकड्या तयार होत जर्मनीतील हानोव्हर येथे, आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे त्यावरून समजे. व्यापाराच्या भाषेत बोलावयाचे तर मालावरची चिठ्ठी मालातच घातलेली होती. ही युक्ती आम्ही पुढे जशीच्या तशी उचलली.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. विजेची पिठाची गिरणी गावोगाव आली, पहाटेचे जाते थांबले आणि जात्याबरोबर ओवीही थांबू लागली होती. पुढे बर्नार्ड बेल या अभ्यासकाची त्यांना साथ मिळाली आणि त्यांतील काही ओव्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित झाल्या. शब्द लाखावर वाचले, परंतु आवाज मात्र त्यांतील काहींचाच उरला. आपापल्या घरापुरते हे काम आपणच केले पाहिजे, असे मला तेव्हा प्रकर्षाने वाटले.

आता काट्याकडे वळू. माइक आवाजाच्या लहरींचे विजेच्या अतिसूक्ष्म लहरींत रूपांतर करतो. साउंड कार्ड दोन कामे करते. पहिले काम म्हणजे ती क्षीण लहर पुरेशी मोठी करणे. दुसरे काम म्हणजे ती मोठी झालेली लहर क्षणाक्षणाला तोलून तिचे आकडे संगणकाच्या वहीत मांडणे. सीडीवरील संगीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा तोललेले असते आणि प्रत्येक वजन १६ बिटांत लिहिलेले असते. १६ बिट म्हणजे काट्यावरच्या ६५,५३६ रेघा. आजची साधी कार्डेही २४ बिटांची असतात. त्यांच्या काट्यावर १ कोटी ६७ लाखांहून अधिक रेघा असतात. घरच्या ध्वनिमुद्रणात याचा लाभ एकच, पण मोठा आहे. आवाज थोडा खालच्या पातळीवर घेतला तरी बारकावे हरवत नाहीत. गाणारी व्यक्ती मध्येच जोराने गायली तर काट्याचे पारडे तळाला टेकू नये, म्हणून वर मोकळी जागा ठेवता येते. पारडे एकदा तळाला टेकले की पुढचे वजन कळत नाही. तसाच फाटलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही पहिला प्रश्न विचारीत असू : पैसा कशासाठी हवा आहे? यंत्राची क्षमता, किंमत, तारण हे सगळे नंतरचे. तोच शिरस्ता मी येथे पाळला आणि एका कागदावर गरज लिहून काढली. गाणारी व्यक्ती एक, वृद्ध, आवाज मऊ आणि हळू. सोबत कधी नातीची पेटी. जागा गावच्या घराचा माळा. वीज बेभरवशाची. यंत्र हाताळणारे हौशी. कागद पूर्ण झाला आणि निम्म्याहून अधिक यंत्रे आपोआप बाद झाली. एक माइक गाण्याला, एक पेटीला, म्हणजे दोन इनपुट पुरेसे होते. आठ इनपुटचे यंत्र ज्यांच्याकडे पूर्ण तबला-ढोलकीचा ताफा आहे, त्यांच्यासाठी योग्य. आपल्याकडे गरजेपलीकडच्या संचयाला परिग्रह म्हणतात. यंत्राच्या सहा रिकाम्या भोकांनाही तोच शब्द लागू पडावा.

विक्रेते आणखी एका आकड्याने भुलवतात. काही कार्डे सेकंदाला १,९२,००० वेळा तोलतात. माणसाचा कान, तोही तरुणपणी, सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेवढे पकडण्यासाठी त्याच्या दुपटीहून थोडे अधिक वेळा तोलले की काम भागते. म्हणून ४४,१०० किंवा ४८,००० हे आकडे घरासाठी पुरेसे आहेत. १,९२,००० ने फाइल चौपट मोठी होईल, आत्याबाईंचा आवाज मात्र चौपट गोड होणार नाही. ४८,००० आणि २४ बिट या हिशेबाने एका माइकच्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. हा खर्च आजच्या कोणत्याही संगणकाला झेपणारा आहे.

मग पाहावे काय? सर्वांत प्रथम पाहावी ती आवाज मोठा करण्याची ताकद आणि तिची स्वच्छता. त्याचे कारण माइकमध्ये दडलेले आहे. माइकचे दोन मुख्य प्रकार. कंडेन्सर माइक अतिशय संवेदनशील असतो. त्याला कार्डाकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, ज्याला फँटम पॉवर म्हणतात. तो गाणे उत्तम टिपतो, पण त्याचबरोबर कोंबडा, रस्त्यावरची एस. टी., शेजारच्या कुकरची शिट्टी हेही तितक्याच निष्ठेने टिपतो. डायनॅमिक माइक, जो आपण सभा-समारंभांत पाहतो, जवळचा आवाज घेतो आणि दूरचा बराचसा सोडून देतो. गावच्या घराला हा दुसराच बरा. मात्र तो कार्डाला फारच क्षीण लहर देतो. त्यात गाणारी व्यक्ती हळू आवाजाची. अशा वेळी कार्डात सुमारे ६० डेसिबलपर्यंत आवाज चढवण्याची सोय असावी, आणि चढवताना त्याचा स्वतःचा सूं-सूं आवाज मिसळू नये. रिकामा काटा शून्यावर स्थिर राहतो की थरथरतो, हे आपण माल ठेवण्याआधी पाहतोच. कार्डाच्या माहितीपत्रकात या थरथरीसाठी इनपुट नॉइज असा आकडा असतो. तो उणे १२८ च्या आसपास असेल तर काटा स्थिर आहे असे समजावे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे वीज. काही कार्डांना स्वतंत्र अडॅप्टर लागतो, तर काही यूएसबीच्या तारेतूनच संगणकाकडून वीज घेतात. आमच्या भागात, विशेषतः पावसाळ्यात, वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मुरबाडकडच्या वाचकांनाही हा अनुभव असेल. यूएसबीवर चालणारे कार्ड आणि बॅटरी भरलेला लॅपटॉप असेल, तर वीज गेली तरी गाणे थांबत नाही. उलट एक फायदाच होतो. चार्जर जोडलेला असताना अनेकदा गाण्यामागे ५० कंपनांची घुमण ऐकू येते. घराचे अर्थिंग सदोष असेल किंवा इन्व्हर्टर चालू असेल तर ती वाढते. चार्जर काढला की ती बहुधा नाहीशी होते. आमच्याकडे तसेच झाले. नवे यंत्र न घेता घुमण गेली.

तिसरी गोष्ट विलंबाची. आवाज कार्डातून संगणकात जाऊन हेडफोनवर परत येईपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून ऐकू आला तर लय डळमळते. यावर उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटर. हे बटण दाबले की कार्ड माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देते. हे बटण असलेलेच कार्ड घ्यावे. चौथी गोष्ट, ते विशेष सॉफ्टवेअर न घालताही साध्या लॅपटॉपला आणि शक्यतो मोबाइललाही ओळखू येणारे असावे. पाच वर्षांनी कंपनीने लक्ष काढून घेतले तरी यंत्र निकामी होऊ नये, हा त्यामागील हेतू. मुद्रणासाठी ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. घरच्या कामाला ते पुरते.

फोकसराइट, ऑडियंट, एम-ऑडिओ, बेहरिंगर, स्टाइनबर्ग अशी नावे बाजारात दिसतात. आम्ही कोणते घेतले ते लिहीत नाही, कारण हा लेख जाहिरात ठरावा अशी इच्छा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकाने फिरून, हेडफोन लावून, माइक न जोडता आवाजाची कळ पूर्ण चढवून रिकामा काटा ऐकून पाहावा. पक्के बिल आणि वॉरंटीचे कागद घ्यावेत. पैशाची वाटणी मी अशी केली : एकूण रकमेचे पाच भाग, त्यांपैकी दोन कार्डाला, दोन माइकला, आणि उरलेल्या एकात स्टँड, तीन पिनांची चांगली केबल व कान झाकणारे हेडफोन. सगळी रक्कम कार्डात घालून माइक हलका घेणे म्हणजे सराफी काट्यावर मातीमिश्रित माल तोलणे होय.

ज्याला पैसे पडत नाहीत, अशी एक गोष्ट सर्वांत मोलाची आहे. ती म्हणजे जागा. उघड्या भिंतींवर आवाज आपटून परत येतो. व्यापारी घरांत यावर उपाय तयारच असतो. आमच्या माळ्यावर भाताची पोती रचलेली होती. त्यांच्यामध्ये बसून, मागे दोरीवर दोन गोधड्या टाकून गायले की आवाज घुमत नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असताना मुद्रण होत नाही, म्हणून आम्ही पौषातली सकाळ निवडली. पंखा बंद, दार लोटलेले, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपा, म्हणजे श्वासाचा फटकारा बसत नाही.

आत्याबाईंनी सुरू करण्यापूर्वी माझ्याकडून दोन अटी कबूल करून घेतल्या. "हे मोबाइलवर गावभर फिरवायचे नाही. पाठवणीचे गाणे कोणी चहा पिता पिता ऐकावे, असे मला नको," ही पहिली. दुसरी अट, "घरातल्या लेकींना आणि सुनांना प्रत्येकीला एकेक प्रत मिळाली पाहिजे. मुलग्यांनी मागितली तर द्यायची." नातवाला पहिली अट जाचक वाटली. त्याचे म्हणणे असे की चार लोकांनी ऐकल्याशिवाय गाणे जिवंत कसे राहील? त्याचेही चुकीचे नव्हते. परंतु आवाज ज्याचा, हक्क त्याचा. ठेवीदाराच्या संमतीवाचून खात्यातला पैसा हलत नाही, हे मी आयुष्यभर पाळले, तोच नियम येथेही लागू केला. आत्या म्हणतील तेव्हाच बाहेर, असे घरात ठरले.

अकरा सकाळींत सदतीस गाणी झाली. प्रत्येक गाण्याआधी आत्याबाई स्वतःचे नाव, गाणे कोणत्या प्रसंगाचे आणि ते कोणाकडून शिकल्या हे सांगत. "ही माझ्या काकूंची चाल", "हे शेजारच्या घरात ऐकलेले." गाण्यांइतकीच ही वाक्ये आज आम्हांला मोलाची वाटतात. दम लागला की त्या थांबत. तो श्वासही मुद्रणात आहे, आणि तो कापून टाकू नये असे नातीचे आग्रहाचे म्हणणे पडले.

एका सकाळी मात्र सगळे अडले. पाठवणीचे एक मोठे गाणे त्या म्हणू लागल्या. पहिली चार कडवी झाली आणि पाचवे आठवेना. डोळे मिटून त्या बराच वेळ बसल्या. कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला, आकडे लिहिले जात होते, पण तोलावयास काही नव्हते. अखेर त्या म्हणाल्या, "अरे, हे आम्ही दोघी बहिणी मिळून म्हणायचो. पहिला अर्धा माझा, दुसरा तिचा. मी तिचा भाग कधी पाठच केला नाही." धाकट्या आत्या मुरबाडला दिलेल्या होत्या. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या मुली-सुनांना विचारले. एकीला चाल आठवली, शब्द कोणालाच नाहीत. ते गाणे आमच्या संग्रहात चार कडव्यांचेच आहे. त्यापुढे बावीस सेकंदांची शांतता आहे. तीही तशीच ठेवली आहे.

मुद्रण झाल्यावर जपणूक आली. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. एमपी३ ही ऐकण्याची प्रत असते, ठेवीची नव्हे. तीन प्रती कराव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. आमची एक प्रत शहापूरला, एक कल्याणला लेकीकडे आणि एक बँकेच्या लॉकरमधील हार्ड डिस्कवर आहे. दर दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी ती उघडून पाहावयाची, असे ठरले आहे. ज्यांच्या कपाटात जुन्या कॅसेट पडून आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कार्डाला लाइन इनपुट असेल तर टेपरेकॉर्डर जोडून त्याही संगणकात उतरवता येतात. फीत दरवर्षी थोडी थोडी झिजत असते, तेव्हा हे कामही फार लांबणीवर टाकू नये.

आत्याबाईंची प्रकृती आता बरी आहे, पण लांब गाणी त्या म्हणत नाहीत. मागच्या महिन्यात नातीने त्यांचे पाळण्याचे गाणे त्यांच्याच मुद्रणावरून बसवले आणि नव्या बाळासमोर म्हटले. आत्याबाईंनी तिसऱ्या ओळीत तिला थांबवून एक स्वर दुरुस्त केला.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. साउंड कार्ड आज घेतले काय आणि सहा महिन्यांनी घेतले काय, बाजार कुठे जात नाही. दोन इनपुटचे, यूएसबीवर चालणारे, स्वच्छ आवाजाचे एखादे कार्ड घ्यावे, पुष्कळ झाले. त्याआधी घरातील वडीलधाऱ्या बायकांना एकत्र बसवावे आणि कोणाला कोणते गाणे येते, कोणाचा कोणता भाग, याची एक साधी यादी वहीत करावी. तिला यंत्र लागत नाही, आणि ती या आठवड्यातच होऊ शकते.